तीन महिन्यांची सरासरी

पंचविसाव्या नंबरच्या बाईंची शीर बोटाखालून सरकत होती. वय झालं की कातडीखालचा आधार सैल होतो आणि शीर एका जागी थांबत नाही. खालची कातडी अंगठ्याने ताणून धरावी लागते. मी अंगठा टेकवला. त्याच्या बाजूला भाजल्याचा एक डाग होता, पांढुरका, इस्त्रीच्या टोकाचा. तो पडला तेव्हा मी शेजारीच उभी होते.

मी वर पाहिलं. तोंडावर मास्क होता. डोळे ओळखीचे होते.

"टोच की," आई म्हणाली. "बाकीच्यांना एवढं निरखत नव्हतीस."

फॉर्मवर तिने लग्नाआधीचं आडनाव लिहिलं होतं, म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेच आडनाव का, ही पहिली शंका. मी सुई घातली. रोज ऐंशी जणांचं रक्त काढणारा हात आपलं काम करत राहतो.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

तिच्या डाव्या मुठीत दोन टोकनं होती. पंचवीस आणि सव्वीस.

परिवार हे आई ज्या पंथात राहते त्याचं नाव, आणि तिथून कोणी एकटं बाहेर पडत नाही. आम्ही तिथे गेलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि बाहेर पडले तेव्हा तीस. मधल्या एकवीस वर्षांत मी एकटीने साधा रस्तासुद्धा ओलांडला नाही. जोडीदारीण बरोबर असायची, आणि परतल्यावर कोण कुणाशी काय बोललं ते दोघींनी वेगवेगळं सांगायचं. दोन्ही सांगण्यांचा मेळ बसला नाही, तर दोघींची चौकशी. त्या सवयीने माझं एवढं केलं आहे की आजही शेजारीण साखर मागायला आली तर मी आधी जिन्यात डोकावते. आमची रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, "मॅडम, तुम्ही आरशालासुद्धा ओळखपत्र मागाल."

"काय होतंय तुला?" मी विचारलं.

"तहान लागते सारखी. आणि धूसर दिसतं. परवा जिन्याची पायरी दिसली नाही."

वर्णन पुस्तकातल्यासारखं होतं, आणि पुस्तकातलं वर्णन कुणीही पाठ करून येऊ शकतं. मी बोटाच्या थेंबावर साखर पाहिली. तीनशे ऐंशी. तरी मनात आलं, सकाळी पोटभर गोड खायला घालून पाठवलं असेल. स्वतःच्या आईबद्दल हा विचार करताना मला लाजही वाटली नाही. ती नंतर वाटली.

पण रक्तात साखरेची तीन महिन्यांची सरासरी कळते, आणि ती एका सकाळीत बिघडवता येत नाही. मी तिची नळी सगळ्यांच्या आधी मशीनला लावली. सहा मिनिटं लागतात.

"बस," मी म्हटलं.

ती बसली. मास्क खाली केला. वरचा एक दात गेला होता.

"अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "दोरा मिळाला का?"

मी बाहेर पडले तेव्हा तिला एवढंच सांगितलं होतं, कोपऱ्यावरच्या दुकानातून दोरा आणते. जोडीदारीण चप्पल शोधत होती, तेवढ्यात मी कोपरा ओलांडला.

परिवार सोडायचा असेल तर दोन जणांसमोर तोंडाने म्हणावं लागतं, मी परत येणार नाही. न म्हणता गेलेला माणूस त्यांच्या लेखी गेलेला नसतो. तो वाटेवर असतो. दर आठवड्याच्या हजेरीत त्याचं नाव पुकारतात आणि घरच्याने उठून सांगायचं, "वाटेवर आहे." मग सभा संपेपर्यंत त्या घरच्याने उभंच राहायचं. जो तोंडाने म्हणतो त्याचं नाव काढून टाकतात, आणि त्यानंतर घरच्यांनी त्याच्याशी बोलायचं नाही. कधीच नाही.

हे सगळं मला जाताना माहीत होतं. मी म्हटलं नाही. त्यामुळे वर्षातून दोनदा तिचा फोन यायचा, शेजारी कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा, ती विचारायची, "येतेस ना?" आणि मी म्हणायचे, "बघू." माझं "बघू" म्हणून व्हायचं. उभी ती राहायची.

"अजून उभं करतात?"

"मग काय खुर्ची देतील? परवा पडले. तेव्हा थोरले म्हणाले, घरातलं माणूस वाटेवर असताना बाहेरचं औषध कसं घेता येईल, आधी तिचं काय ते करून या."

थोरले म्हणजे परिवाराचे प्रमुख. तिने पिशवीतून एक कागद काढला. वर "मुलगी: आली / गेली" असं लिहिलं होतं. एक शब्द खोडायचा होता. खाली "औषधास हरकत नाही" आणि सही. सही आधीच केलेली होती.

"म्हणजे तुला पाठवलंय."

"हो. पाठवलंय." तिने नजर चुकवली नाही. "आणि डोळ्यांना दिसतही नाही. दोन्ही खरं आहे. तुला नेहमी एकच खरं हवं असतं."

मशीनने आवाज केला. अकरा पूर्णांक आठ. मी तो आकडा दोनदा वाचला. साडेसहाच्या वर गेला की आम्ही रिपोर्टवर खूण करतो.

"रविवारी येतेस?" तिने विचारलं. नेहमीच्याच सुरात, पण या वेळी शेजारी कुणाचा श्वास नव्हता. "मागे बसशील. कुणी काही बोलणार नाही."

"आणि नाही म्हटलं तर? रस्त्यात दिसले तर बोलशील?"

"नाही."

"आजारी पडले तर?"

"कळलं तर वाईट वाटेल." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "नाही बोलणार."

"तुला काय हवंय, आई?"

"मला विचारू नकोस. परत गेल्यावर मला सगळं सांगावं लागतं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण बघू म्हणू नकोस, बाळा. पाय दुखतात गं."

मी तिच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधला. मला तो शोधता येतो, त्यातच वाढले आहे. तिथे फक्त थकवा होता, आणि तोही बरेच दिवसांचा.

रिपोर्ट छापला. डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात, आजच दाखव, पायाला जखम झाली तर लपवू नकोस, हे सगळं मी दोनदा सांगितलं. ती दोन्ही वेळा "हं" म्हणाली. तिच्या कोपरावरचा कापूस काढून पाहिला. रक्त थांबलं होतं. तरी मी आणखी थोडा वेळ दाबून धरला.

मग दार उघडलं.

बाहेरच्या बाकावर चष्मेवाल्या काकू बसल्या होत्या. परिवाराच्या स्वयंपाकघरात मला पोळीचा घास जास्त देणाऱ्या, आणि तेही चौकशीत सांगून टाकणाऱ्या. त्यांनी मला पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"काकू, आत या. दोघी लागतात ना?"

त्या आत आल्या, आईच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. आईने मास्क पुन्हा वर ओढला. कागद मांडीवर सपाट केला. मी तिच्यासमोर बसले, तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागतील इतकी जवळ.

"मी परत येणार नाही," मी म्हटलं.