बाबा उठतात तो भाग

त्या गाजलेल्या युद्धपटात आमचे बाबा जेमतेम चहाला उकळी येईपर्यंत जिवंत असतात. मग खंदकात गोळी लागते आणि खेळ खलास. मुळात ते नट नव्हतेच, शिंपी होते. सैनिकांचे गणवेश शिवायला म्हणून गेले, एक नट ऐनवेळी आला नाही, आणि त्याचा गणवेश नेमका यांच्या अंगावर बसला. त्यावरून आई त्यांना आयुष्यभर ‘हुतात्मा’ म्हणून चिडवत आली. ‘हुतात्मा, येताना भाजी आणा.’

घरी कुणी तो सिनेमा लावला, की गोळी सुटायच्या आत बाबा स्वतःच उठून बंद करायचे. ‘पुढे बघण्यासारखं काही नाही,’ म्हणायचे. त्यामुळे आमच्या घरात बाबा कधी मेलेच नाहीत.

या हिवाळ्यात मात्र ते खरोखरच गेले. इस्पितळात त्यांनी आईला घरून आपली उशी आणायला पाठवलं. ती उशी घेऊन परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं, चेहरा झाकलेला होता. तो तिने उघडू दिला नाही. तेव्हापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस नाही. सकाळी दोन कप मांडते, आणि मी एक उचलला की मीच चोर असल्यासारखी बघते. लांब राहणारा दादा फोनवर म्हणतो, ‘वेळ लागतो.’ त्याला काय जातंय म्हणायला? आई माझ्या डोळ्यांदेखत आतल्या आत वाळत चालली होती. ती एकदा तरी रडावी, एवढंच मला हवं होतं.

त्यात त्या सिनेमाची नवी डिस्क निघाली. सोबत जादा भाग: कापलेले प्रसंग, मुलाखती, चित्रीकरणाच्या वेळचे तुकडे. दादाने ती पाठवून दिली. लावावी की नाही, मी घुटमळले. आईच म्हणाली, ‘सिनेमा नको. ते जादाचं लाव.’

पडद्यावर खंदक आला. क्लॅपची पाटी वाजली. बाबा धावले, गोळी लागली, पडले. ‘पुन्हा,’ दिग्दर्शक ओरडला, आणि बाबा उठले. उठून सगळ्यात आधी त्यांनी मान वळवून डाव्या खांद्याची शिवण पाहिली. उसवली होती. गणवेश अर्धा उतरवून त्यांनी तिथेच टाका घातला.

‘मेले तरी शिंपीच,’ आई म्हणाली आणि चक्क हसली.

पुन्हा पाटी, पुन्हा गोळी. बाबा पडले, उठले, खांदा पाहिला. पुन्हा तेच. ते पडले की आईचा हात माझ्या मनगटावर आवळायचा, उठले की सैल पडायचा.

मग ते असे पडले, की दिग्दर्शक काही बोललाच नाही. कॅमेरा हळूहळू जवळ गेला. गाल मातीला टेकलेला, डोळे मिटलेले, खांदा चांगला वीतभर उसवलेला. मी रिमोटकडे हात नेला.

‘बंद करू नकोस,’ आई म्हणाली. ‘उठतील.’

दिग्दर्शकाच्या मनासारखं झालं होतं. त्यानंतर बाबा उठले तो भाग कुणी टिपलाच नव्हता. कॅमेरा थोडा वेळ तसाच राहिला.

‘खांदा बघ केवढा उसवलाय,’ ती हळूच म्हणाली. ‘आणि बघत नाहीत.’

पडदा काळा झाला. मनगटावरचा तिचा हात सुटला नाही. खाली मान घालून ती रडायला लागली, आणि मला अजून कुणी सांगितलंच नसावं अशा आवाजात म्हणाली, ‘बाबा गेले गं तुझे.’