प्रगतीच्या अंगातला देव

ढोलाचा ठेका चढला तशी प्रगतीनं वेण्या सोडल्या, केस तोंडावर घेतले आणि ती घुमायला लागली.

बिरदेवाच्या देवळापुढं बसलेली मंडळी सावरून बसली. आजवर देव यायचा तो म्हाळूआबांच्याच अंगात. आबांना ते सोयीचं होतं, देवाच्याही सवयीचं झालं होतं. पाचवीतल्या पोरीच्या अंगात, तेही शाळेच्या निळ्या फ्रॉकात, तो पहिल्यांदाच आला. आबांना ते जरा लागलं. पण देवाशी वाद कोण घालणार? त्यांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला.

"बोल देवा. काय हुकूम?"

"संपतला बोलवा," देव म्हणाला. "आन् गिताबाईला."

प्रगतीनं आठवडाभर गोठ्यात तालीम केली होती. म्हशीनं काही तक्रार केली नव्हती. पप्पा रांजणगावच्या कंपनीतून आले की आधी ताट आपटायचं, मग आईचं तोंड सुटायचं, मग पप्पांचा हात. प्रगतीनं रडून पाहिलं, पोट दुखतंय म्हणून पाहिलं, वर्गात पहिला नंबर काढून पाहिला. आज सकाळी तिला पलंगाखाली आईची भरलेली पिशवी दिसली. आता देवच तेवढा राहिला होता.

संपत आणि गिताबाई पुढं आले. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून दोघांनी पोटच्या पोरीच्या पायावर डोकं टेकलं.

"जवळ बसा," देव म्हणाला.

दोघं सरकले.

"आगं बया, लग्नातबी एवढी चिकटून बसली न्हवती!" मागून सोजराबाई म्हणाली. मंडळी हसली. केसांच्या आड देवालाही हसू आलं. त्यानं आवाज आणखी जाड केला.

"ताट आपटायचं न्हाई. हात उचलायचा न्हाई. दोघांनी गोडीनं ऱ्हायचं."

"चुकलं देवा," संपत म्हणाला. त्यानं कान पकडले. "पुन्यांदा न्हाई व्हनार."

पप्पांना असं बोलता येतं हे प्रगतीला माहीतच नव्हतं. ती आईकडं वळली.

गिताबाईनं डोकं वर केलं नाही. उलट ती आणखी पुढं सरली, पायांना मिठी घातली. ढोलाच्या आवाजात तिचं बोलणं एकट्या देवालाच ऐकू गेलं.

"ह्ये असं लई येळा म्हनलेत, देवा. पोरीपायी थांबले. आता न्हाई व्हत. परवा इहिरीच्या काठावर जाऊन बसले व्हते. मला म्हायेरी जाऊ दे. पोरीला त्ये काय माझ्यासंगं धाडायचं न्हाईत. तवा तिला तू संभाळ. आन् तिला ह्यातलं काय कळू देऊ नगंस."

देव घुमायचा थांबला.

"कौल दे देवा," आबा म्हणाले. संपत हात जोडून बघत होता.

प्रगतीनं ताटलीतला भंडारा चिमटीत घेतला. आईचं तोंड वर करून चिमूट कपाळापर्यंत नेताना निम्मा सांडला. उरलेला तिनं आईच्या कुंकवाच्या वर लावला.

"जा," देव म्हणाला. आवाज जाड करायचं राहून गेलं.

ढोल थांबला. कुणीतरी पाणी आणलं. अंगातलं वारं उतरलं की माणसाला काही आठवत नाही, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. प्रगतीलाही.

"काय झालं व्हतं गं आई?"

"काय न्हाई. देव आला व्हता तुझ्या अंगात."

"काय म्हनला?"

गिताबाई पदरानं तिचं तोंड पुसत राहिली. पुसून झालं तरी पुसत राहिली.

"म्हनला, पोरगी शानी हाय." मग दुसरीकडंच बघत, "मी दोन दिस यवतला जाऊन येते. मामाला बरं न्हाई."

"जा की," प्रगती म्हणाली. "मला येत्यात भाकरी थापाया."