चक्क्याचं फडकं

वासंतीबाईंनी चक्क्याचं फडकं तिसऱ्यांदा नाकाशी नेलं. ऐन पाडव्याला श्रीखंड कडवट झालं होतं आणि दोष दह्याचा नव्हता.

"साबण बदललाय, आई," ऊर्मिला म्हणाली आणि घाईघाईने वाट्या पुसायला लागली.

साबणाला असा वास येत नसतो, हे सुनेला कोण सांगणार? बावीस वर्षं दारुड्या नवऱ्याशी संसार केलेल्या बाईचं नाक होतं ते. तांदळाच्या डब्यात, माळ्यावरच्या गाद्यांत, एकदा तर देव्हाऱ्यामागे बाटल्या सापडल्या होत्या. वासंतीबाई नवऱ्याला रोज विचारायच्या आणि तो रोज शपथेवर नाही म्हणायचा. म्हणून मुलाला विचारण्याच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. सरळ पाळत ठेवली.

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखला येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. सत्यजित इथे इंजिनिअर होता, सभ्य, अबोल. पण त्याचे वडीलही चारचौघांत सभ्यच होते. संध्याकाळी तो आला की दार त्या स्वतःच उघडायच्या, कोट काढून घ्यायच्या निमित्ताने जवळ जायच्या. कधी काही सापडलं नाही. त्यामुळे तर संशय आणखीच वाढला. शिवाय मागच्या खेपेला त्यांनी पुण्याहून आणलेलं मोठं पातेलं स्वयंपाकघरात कुठेच दिसत नव्हतं. आणि शनिवारी दुपारी ऊर्मिला जर्मनच्या क्लासला गेली, की हा "केलर आवरतो" म्हणून तळघरात जायचा तो तीन-तीन तास. एवढं आवरायला खाली काय राजवाडा होता?

पुढच्या शनिवारी चपला हातात घेऊन त्या जिना उतरल्या. लाकडी दाराआडून तोच कडवट, आंबूस वास आला. मुलगा हातचा गेला, असं मनाशी म्हणत त्यांनी दार ढकललं.

विजेच्या शेगडीवर त्यांचंच पातेलं रटरटत होतं. बुडाजवळ भोक पाडून त्याला पितळी तोटी बसवली होती. लांब दांड्याच्या डावाने ते ढवळत होती ऊर्मिला. सत्यजित खिडकीपाशी स्टुलावर बसला होता, नाकातोंडावर रुमाल घट्ट बांधून. त्याचे डोळे पाण्याने भरले होते.

"बिअर आहे, आई. मी करते," ऊर्मिला म्हणाली. "शेजारच्या फ्राउ लोट्सनी शिकवलं. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं आणि इथे तीन वर्षं नुसती घरात बसलेय. घरी बिअर करायची तर इथे कस्टम ऑफिसला कळवावं लागतं, तेही रीतसर कळवलंय. मी शनिवारी एक ग्लास घेते, बाकीची शेजारी जाते. यात कडू फुलं घालतात, ती गाळायला फडकं मीच घेतलं होतं. शनिवारचा क्लासही खोटाच. चुकलं माझं."

"आणि हा?"

"सत्यजित शिवतसुद्धा नाही. उकळतं पातेलं मला एकटीला उतरवत नाही, म्हणून येऊन बसतो."

वासंतीबाई मुलाकडे वळल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझा विश्वास बसला असता?" तो रुमालाआडून म्हणाला.

वासंतीबाईंना लाज वाटली. सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची आणखी लाज वाटली. दहा वर्षांचा असताना वडिलांचं ओकलेलं पुसायला हाच बसायचा, श्वास कोंडून, असाच तोंड फिरवून. तेव्हा त्या कामावर असायच्या आणि घरात दुसरं कोणी नसायचं.

"सत्या, तू वर जा."

"पातेलं जड आहे, आई."

"आम्ही दोघी आहोत ना. जा, बाल्कनीत बस जरा."

तो उठला आणि जिना चढून गेला. वासंतीबाईंनी पदर खोचून ऊर्मिलाच्या हातातला डाव घेतला.

"अजून किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"मग ते स्टूल इकडे सरकव," त्या म्हणाल्या.