शालूबाईंच्या रिपोर्टांची पिशवी

मित्रांनो, वडगावातल्या एका विणकराच्या घरातली मी जुनी कापडी पिशवी. शालूबाईंनी मला स्वतःच्या मागावरच्या उरलेल्या तुकड्यातून शिवलं. मी सुताच्या कांड्या वाहिल्या, बाजारातून भाजी आणली. "लई गोड शिवलीस गं," असं शेजारची रूपाली म्हणायची, तेव्हा मी मनातून फुलून जायची.

गेल्या वर्षी शालूबाईंच्या शौचातून रक्त जाऊ लागलं. तपासण्या झाल्या. त्यांचा मुलगा साईराज याने सगळे रिपोर्ट माझ्यात भरले, माझ्या बंदांना घट्ट गाठ मारली आणि मला कपाटावर मागे सारलं.

"आई, मूळव्याध हाय. औषधानं जाईल," तो म्हणाला.

रिपोर्टांत वेगळंच होतं. मोठ्या आतड्यात कॅन्सर होता आणि त्याच्या गाठी यकृतापर्यंत पोचल्या होत्या. खरं काय ते माझ्या पोटात होतं, पण तोंड बांधलेलं. खाली शालूबाई दिवसेंदिवस वाळत होत्या. साईराज त्यांच्या ताटाकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि न जेवता उठायचा. आम्ही तिघंही त्या घरात कोंडले गेलो होतो.

उपचार ठरवायच्या दिवशी साईराजने आईला दवाखान्यात बाहेर बाकावर बसवलं आणि मला घेऊन तो एकटाच आत गेला. डॉक्टर अनुराधा निपाणीकडच्या. त्यांनी विचारलं, "पेशंट कुठं आहेत?"

"तिला सांगू नका, मॅडम. ती खचंल."

"त्यांना न विचारता मी उपचार ठरवू शकत नाही."

तेवढ्यात दार लोटून शालूबाईच आत आल्या.

"साईराज, मूळव्याधीचं कागद कुणी कपाटावर लपवून ठेवतं काय रं? मला कवाच कळलंय. तू रडशील म्हणून गप बसलेव."

साईराजने मान खाली घातली. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं सावकाश सांगितलं. रोग पसरलाय. आधी सलाईनमधून औषध द्यायचं. गाठी आकसल्या तर ऑपरेशनचा विचार करायचा. पूर्ण बरं होईल असा शब्द देता येत नाही.

शालूबाईंनी पदर आवळून धरला. "मला मागावर बसाय येईल न्हवं?"

"तुम्ही विणता?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता हात थांबवला. "मी निवडलेल्या औषधानं बोटं बधिर होतात. कधी कधी कायमची."

"तुटलेला धागा बोटांनाच कळतो, बाई. डोळं कवाच अधू झाल्यात."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. "दुसरं औषध आहे. ते घेतल्यावर केस जातील, जुलाबही होतील."

"केस जाऊ देत."

आता सहा डोस झालेत. शालूबाईंच्या डोक्यावर रुमाल असतो. डोसानंतरचे चार दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडून असतात, मग तासभर मागावर बसतात. यकृतातल्या गाठी थोड्या आकसल्यात, पण ऑपरेशन होईल का, हे अजून कुणीच सांगत नाही. रोगाच्या कोंडीतून त्यांची सुटका झालेली नाही. एवढंच, की आता मायलेक जेवायला एकत्र बसतात आणि पुढच्या डोसाविषयी मोकळेपणी बोलतात.

मित्रांनो, आजारी माणसाला जरूर जपा. पण त्याचं दुखणं त्याच्यापासून लपवू नका. त्याला काय हवंय, हे आधी त्यालाच विचारा.