लालबागच्या कमानीखालचा साचा

मी साचा बोलतोय. कसला साचा म्हणून विचाराल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. फणसवाडीपासून दादरपर्यंत कितीतरी कमानी माझ्या पाठीवर उभ्या राहिल्या, तरी मला ओळखणारा माणूस विरळाच.

गवंडी कमान बांधतो तेव्हा तिचे दगड काही हवेत तरंगत नाहीत. खाली अर्धगोल लाकडी साचा उभारतात, त्यावर दगड रचतात, आणि चुना धरला की साचा काढून घेतात. तोच मी. कमान उभी राहिली की लोक मान वर करून बघतात, आणि मी तोवर बैलगाडीत पडून पुढच्या कामाला निघालेला असतो. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय!

माझा जन्म मात्र पाण्यातला. कुलाब्याच्या कोळीवाड्यात विठोबा कोळ्याचा एक पडाव होता, मासेमारीची मोठी नाव. तो खडकावर फुटला आणि त्याच्या वाकड्या फासळ्या किनाऱ्यावर पडून राहिल्या. बांधकामाचे मक्ते घेणारे धर्माजीशेट एकदा तिथून जात होते. त्यांनी एक फासळी उलटी धरून पाहिली आणि म्हणाले, "विठोबा, ही तर आयती कमान आहे." त्या फासळ्या जोडून सुताराने मला घडवलं. पडावात होतो तेव्हा पोटात मासळी घेत होतो, आता पाठीवर दगड घेऊ लागलो.

फणसवाडीतल्या देवळाची ओवरी, दादरच्या रस्त्याखालची मोरी, परळच्या गिरणीचा मोठा दरवाजा, ही सगळी 'धर्माजी आणि मंडळी'ची पुरी झालेली कामं. शेट नव्या गिऱ्हाइकाला टांग्यात घालून ती दाखवायला नेत. छातीवर हात ठेवून सांगत, "आमची कमान हलायची नाही." मला कधी कुणी दाखवलं नाही. दाखवणार तरी काय, पोटाखालचा टेकू?

या मंडळींचा एक रिवाज होता. मधोमध, सगळ्यांत शेवटी बसतो तो कळीचा दगड. तो ज्याच्या हाताने बसला, त्यानेच माझ्या खांबांखालच्या पाचरी ठोकून काढायच्या आणि काढताना कमानीखालीच उभं राहायचं. रिवाज शहाणपणाचा होता. स्वतःच्या डोक्यावर कच्चं काम कोण घेईल? पण पुढे पुढे शहाणपण विसरलं आणि नुसती भीती उरली. परक्याने पाचर काढली तर कमान बळी घेते, असं गवंडी बोलू लागले.

लालबागेत चाळीचं काम निघालं. तिच्या दरवाजाची कमान गुणाजी गवंड्याकडे आली. गुणाजी मालवणकडचा, कमी बोलणारा. त्याची बायको सुभद्रा त्याच्याच हाताखाली चुना वाहायची. कळीचा दगड जड होता. तो दोघांनी मिळून उचलला. त्याने वरून धरला, तिने खालून रेटा दिला. दगड बसला तेव्हा गुणाजी म्हणाला, "आता चुनो सुकलो काय गावाक जावया."

ती हसली. मुंबईत त्या साली गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शिरला होता. लोक बोचकी बांधून आगबोटीच्या धक्क्याकडे धावत होते. गुणाजीलाही जाता आलं असतं. पण पाचरी काढायला दुसरा कोण येणार? चुना ओला होता, म्हणून तो थांबला, आणि तो थांबला म्हणून तीही थांबली.

एके दिवशी सुभद्रा विहिरीवर गेलेली असताना गुणाजीला ताप भरला. घरोघर रोगी शोधत फिरणारे सरकारी तपासणीवाले आले आणि त्याला डोलीत घालून घेऊन गेले. ती घागर तिथेच टाकून धावली. एका इस्पितळात सांगितलं, इथे नाही. दुसऱ्यात सांगितलं, असा कुणी आलाच नाही. त्या गर्दीत कोण मेलं, कोण पळालं, याचा पत्ता कुणालाच नव्हता. कामावरचा मुकादम म्हणाला, "डोलीतून उतरून गावी पळाला असेल. पुष्कळ पळाले." सुभद्रेने तेवढंच धरून ठेवलं.

कमानीचा चुना केव्हाच धरला होता. मला पाठीवर कळत होतं ना! पूर्वी दगड माझ्यावर रेलून असायचे, आता ते एकमेकांना टेकले होते. माझं काही काम उरलं नव्हतं. तरी सुभद्रा रोज घागर घेऊन येई आणि कमानीला पाणी मारी. खांबाला हात लावून बघे, मी जागच्या जागी आहे ना म्हणून. मी उभा होतो तोवर तिच्या लेखी गुणाजी यायचा होता. मला तिची फार दया येई, आणि माझ्या उभं राहण्याची लाज वाटे.

इकडे चाळीत राहायला येणारी कुटुंबं मैदानात झापांच्या झोपड्यांत पडली होती. रोग जावा, आत ऊन पडावं म्हणून त्यांच्या जुन्या खोल्यांची कौलं तपासणीवाल्यांनी काढून टाकली होती. दरवाजात मी खांब रोवून उभा, आत जायचं कसं? पाऊस जवळ आला होता. दुसरा एकही गवंडी पाचरीला हात लावेना. शेवटी शेट तिच्याकडे आले.

"सुभद्रा, चाळ तयार आहे. पोरंबाळं उघड्यावर आहेत. मी काय करू, तूच सांग."

"ते इल्याशिवाय कोणी हात लावचो नाय," ती म्हणाली. शेट खाली मान घालून परत गेले.

मग दोघांची खबर घ्यायला गावाहून आगबोटीने गुणाजीचा धाकटा भाऊ आनंदा आला. कमानीजवळ येऊन तो उभा राहिला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "वयनी, दादा खंय?"

सुभद्रेने घागर खाली ठेवली. "गावाक नाय?"

"गावाक तो इलोच नाय. आमी समजलव, तुमी दोघांय हयच आसात."

ती खाली बसली. रडली नाही. मग उठली, घागर उपडी घातली आणि आनंदाला शेटना बोलावून आण म्हणाली. शेट आले, गवंडी जमले, झोपड्यांतली माणसंही आली. सुभद्रेने गुणाजीचा हातोडा घेतला.

"बाई, रिवाज आहे," एक म्हातारा गवंडी पुटपुटला.

"तेंचो हात आता येवचो नाय," ती म्हणाली. "पण दगड आमी दोघांनी बसयलो. ह्यो दुसरो हात माझो आसा."

ती कमानीखाली आली. पहिली पाचर, मग दुसरी. मी हळूहळू खाली बसू लागलो. माझी पाठ दगडापासून सुटली आणि मधल्या फटीतून उजेड आला. चुन्याचा कणसुद्धा पडला नाही. गुणाजीची कमान उभी राहिली.

सुभद्रेने वर पाहिलं. पाचरींच्या धुळीने भरलेला हात कपाळावर नेला आणि कुंकू पुसलं. तेव्हा मात्र तिला रडू आवरेना. झोपड्यांतल्या बाया तिला धरून बसल्या.

त्यानंतर तिने शेटकडे एकच गोष्ट मागितली. गुणाजीला अग्नी मिळाला की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. ज्याचा देह सापडत नाही, त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळतात. त्यासाठी तिला लाकूड हवं होतं, आणि ते माझं. शेटनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "सगळाच ने," म्हणाले.

आता मी पावसाळ्याआधी मालवणकडे निघालेल्या शेवटच्या आगबोटीवर आहे. माझ्या फासळ्या सोडून काथ्याने बांधल्या आहेत आणि सुभद्रा मला टेकून बसली आहे. इतक्या वर्षांनी पुन्हा खारं पाणी अंगावर उडतंय.

लालबागेत गेलात तर त्या कमानीखालून जरूर जा. माझी आठवण काढू नका, मी टेकू होतो, टेकू निघून जायचाच असतो. पण वर मधला दगड दिसेल, तिथे क्षणभर थांबा. तो दोघांनी बसवला आहे. त्यातल्या एकाला गावी जायचं होतं. त्याला मी पोचवायला निघालोय.