सैल झालेली पँट

आमच्या ह्यांना चार माणसांत बसवायची सोय राहिली नाही. जो येईल त्याच्यापुढे पँटीची कंबर ओढून दाखवतात. "बघा, किती सैल झाली!" परवा एक बाई पडदे शिवायला टाकायला आली, तर तिलाही दाखवली. बिचारी पडदे काखेत मारून तशीच परत गेली.

ह्यांचा गुडघा पार कामातून गेलाय. जन्मभर पायाने शिलाई मशीन चालवलं, आता पाय ठेवला की "आई गं" निघतं. डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं, आधी वजन उतरवा, मग गुडघा बदलू. नाहीतर मशीन विसरा. मशीन सुटलं की हे दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात मुक्कामाला. मग मीच कंबर कसली. तेल कमी, साखर बंद. सून हळूच म्हणाली, "आई, तुम्हीपण थोडं कमी करा ना."

"माझं वजन नाही गं ते, वजनदारपणा आहे," मी म्हटलं. "घरात एक तरी माणूस नजरेत भरायला नको?"

पँट सैल होत चालली, तशी मीही शेजारपाजारी सांगत सुटले, ही माझ्या हाताची करणी म्हणून.

तपासणीला गेलो. हे काट्यावर चढले, तर दोन किलो जास्तच!

"काटा बिघडलाय तुमचा," हे म्हणाले.

"मग आजी, तुम्ही उभ्या राहा, खात्री करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी नुसती सोबत आलेय," मी खुर्ची सोडली नाही.

गुडघा बघायला ह्यांची पँट उतरवली, ती माझ्या मांडीवर आली. घडी घालताना मागची शिवण बोटाला लागली. उसवलेली, आतलं जादा कापड सोडून पुन्हा सैल शिवलेली. ह्यांची टीप मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

बाहेर बाकावर बसल्यावर ह्यांचं तोंड उघडलं. "शेजारच्या बेकरीत जायचो गं. म्हटलं, घरी तू खूश आणि इथे मी नापास. वजन उतरलं तर कापतील ना खरंच. भूल दिली आणि उठलोच नाही, तर?"

मीही भ्यायलेच होते. पण ते दिसलं असतं, तर हे तिथूनच बेकरीत गेले असते.

"ऐका," मी म्हटलं. "आजपासून कात्री माझ्याकडे. तुमची पँट मी बेतणार, खऱ्या मापाहून चार बोटं अरुंद. बटण लागलं की ऑपरेशन. नाही लागलं, तर चादर गुंडाळून बसा गिऱ्हाइकांपुढे. आणि उठलोच नाही तर म्हणजे काय? दाराबाहेर मी उभी असणार. माझ्या हाकेला न उठायची तुमची छाती आहे का?"