कपाचा कान

माझ्या व्यंगचित्रात एक कुटुंब सोफ्यावर चहा पितंय आणि त्यांची कामवाली दाराशी जमिनीवर बसून, तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपात. संतापून काढलं होतं ते. कर्जतच्या प्रदर्शनात लोक त्याच्यापुढे पोट धरून हसले. प्रत्येकाला त्यात शेजारी दिसला, आपण स्वतः कोणालाच दिसलो नाही. निवृत्त मास्तर शशिकांत दाबके यांनी तर त्याची छापील प्रत विकत घेऊन हॉलमध्ये टांगली.

परवा त्यांनी मला कौतुकानं घरी बोलावलं. पोशीरहून कामाला येणारी भागूबाई त्याच चित्राची काच पुसत होती. चहा आला. आम्हाला कपबशीत, आणि तिला गॅलरीच्या खिडकीत ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. माझं टाळकं सणकलं.

"सर, हे चित्र कुणाचं आहे, कळलं का तुम्हाला?"

"वरच्या मजल्यावरच्या साठ्यांचं. दुसरं कुणाचं असणार?" सर हसले.

मी कप आपटून उठलो.

भागूबाईनं दोन्ही तळव्यांत आपला गरम कप धरला होता. ती शांतपणे म्हणाली, "तुमीबी नीट बघितलं नाय, दादा. चित्रातल्या कपाला कान हाय."